परक्या गांवचा वैद्य
(आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त कुणकेश्वर येथें भरलेल्या मेळाव्यांत वाचलेलें भाषण)



महोत्सव म्हटला कीं मागील वर्षांचा आढावा, दिवंगतांचें स्मरण आणि परमेश्वराचे आभार हीं ओघानेंच येतात. तीं कर्तव्यें आमच्या आधीं बोललेल्या मंडळींनीं उत्तम रीतीनें पार पाडलीं आहेत. आमच्या वांट्यास आलेला थोडा वेळ आम्ही एका निराळ्या कामाकडे लावूं इच्छितों. जुन्या करारांतील लेवीय या पुस्तकांत जुबिलीच्या वर्षाचा विधि सांगितला आहे. पन्नासावें वर्ष आलें कीं शिंग फुंकावयाचें, हातची गेलेली जमीन मूळ धन्यास परत द्यावयाची आणि दास्यांत पडलेल्यांस मोकळें करावयाचें. म्हणजे जुबिली हा केवळ आनंदाचा दिवस नसून, जें अडलें आहे तें मोकळें करण्याचा दिवस आहे. २०२५ च्या पवित्र वर्षासाठीं रोम येथें संत पेत्राच्या महामंदिराचें पवित्र द्वार उघडलें गेलें, त्याचाही अर्थ हाच. तेव्हां आपल्या लहानशा धर्मग्रामानें या वर्षीं कोणतें दार उघडावें, असा प्रश्न आम्हीं स्वतःस केला आणि त्याचें जें उत्तर मिळालें तें आपणांपुढें ठेवितों. परराज्यांतून धर्मार्थ सेवेस येऊं इच्छिणाऱ्या डॉक्टरांस आपल्या मोफत दवाखान्यांत निर्वेधपणें काम करितां यावें, हें तें दार होय.

हा विषय आम्हांस पुस्तकांत सांपडला नाहीं. दोन वर्षांपूर्वीं आम्हीं या किनाऱ्यावर मोफत औषधोपचाराचें शिबिर भरविलें होतें, तें आपणांपैकीं पुष्कळांच्या स्मरणांत असेल. त्या शिबिरास गोव्यांतून एक नेत्रवैद्य डॉक्टरीणबाई स्वतःच्या गाडीनें, स्वतःच्या खर्चानें, आपलीं यंत्रें बरोबर घेऊन आदल्या रात्रींच येऊन उतरल्या. त्यांची नोंदणी गोव्याच्या वैद्यक परिषदेकडे होती. महाराष्ट्रांत एक दिवस रोगी तपासण्यास वेगळी परवानगी लागते काय, असें आम्हीं एका कचेरीस लिहून विचारलें होतें. उत्तर वेळेवर आलें नाहीं. येथें सत्य सांगावयाचें तर आम्हीं विचारलें तेंच मुळीं शिबिरास आठ दिवस उरले असतांना. तेव्हां दोषाचा अर्धा वांटा आमच्या पदरीं येतो. कायद्याची आब राखली पाहिजे, असें त्या बाई शांतपणें म्हणाल्या. त्यांनीं यंत्रांची पेटी उघडली नाहीं. दिवसभर त्या दाराशीं बसून रोग्यांचीं नांवें चिठ्ठ्यांवर लिहीत होत्या, आणि डोळ्यांच्या तपासणीचें टेबल रिकामें होतें.

त्या दिवशीं रांगेंत एक आजोबा होते. सारें आयुष्य त्यांनीं रापणीवर घालविलेलें. समोरचें दिसतें, पण कडेचें माणूस दिसत नाहीं, असें ते सांगत होते. त्यांस आम्हीं चिठ्ठी दिली आणि मोठ्या इस्पितळांत जाण्यास सांगितलें. ते म्हणाले, "जातंय." पण एस्. टी. ची वेळ, सोबतीची अडचण, मग पावसाळा, मग नारळी पौर्णिमेनंतर पुन्हां सुरू झालेला धंदा, यांत महिने लोटले. जेव्हां तपासणी झाली तेव्हां तो काचबिंदू निघाला, आणि एका डोळ्याची दृष्टि गेली होती. काचबिंदूनें गेलेली दृष्टि परत येत नाहीं. लवकर ओळखला तर उरलेली मात्र राखतां येते. त्या दिवशीं तपासणी झाली असती तर डोळा खात्रीनें वांचला असता, असें आम्ही म्हणणार नाहीं; तें ठरविण्याचें ज्ञान आम्हांस नाहीं. परंतु रोग ओळखणारी बाई आणि रोगी हीं दोघें एका छपराखालीं, दहा पावलांच्या अंतरावर, दिवसभर बसलीं होतीं, ही गोष्ट आमच्या मनांतून जात नाहीं.

परका म्हणजे कोण, हा प्रश्न या भूमीवर बसून विचारणें उचित आहे. समुद्राच्या अगदीं कांठीं उभें असलेलें कुणकेश्वराचें देवालय आपणां सर्वांस परिचित आहे. त्याविषयींची आख्यायिका येथील लहान मुलांसही ठाऊक असते. परदेशचा एक व्यापारी तारवांतून जात असतां वादळांत सांपडला. अंधारांत त्यास किनाऱ्यावरील दिवा दिसला. तो वांचला आणि कृतज्ञतेनें त्यानें देऊळ बांधिलें. धर्मानें तो परका, भाषेनें परका, देशानें परका. आख्यायिकेंत इतिहास किती हें विद्वानांनीं ठरवावें; पण ज्या किनाऱ्यानें ही कथा शतकानुशतकें जपली, त्या किनाऱ्यास परक्याचें देणें स्वीकारण्याची लाज वाटत नव्हती, एवढें तिच्यावरून निश्चित दिसतें.

आतां आपल्या नित्याच्या व्यवहाराकडे पाहूं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ सालीं निर्माण झाला. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय येथें येण्यास त्यानंतर चाळीस वर्षें लागलीं. मधल्या काळांत, आणि अजूनही, दुखणें भारी झालें कीं आमचा मनुष्य दक्षिणेकडे तोंड करितो आणि गोव्याच्या बांबोळी येथील इस्पितळाची वाट धरितो. कुणकेश्वराहून ती शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीची आहे. ज्या संस्थेचा वारसा १८४२ सालीं पणजीस स्थापन झालेल्या वैद्यकशाळेपर्यंत पोहोंचतो, तिच्या खाटांवर आमचीं किती माणसें बरीं झालीं, याची गणतीच नाहीं. २०१८ च्या जानेवारीपासून तेथें गोव्याबाहेरील रोग्यांकडून शुल्क घेण्यास आरंभ झाला, तेव्हां आपल्या जिल्ह्यांत केवढी खळबळ उडाली, तें आपण विसरलां नसाल. गोव्याच्या सरकारचीही अडचण खोटी नव्हती. आपल्या लोकांच्या करांवर चालणारें इस्पितळ शेजारच्या राज्यास किती दिवस फुकट पुरवावें, हा त्यांचा प्रश्न होता. परंतु त्या वेळीं आपण सारे एकमुखानें म्हणालों कीं, आजाऱ्यास सीमा नसावी. तेंच वचन उलट बाजूनें म्हणण्याची पाळी आतां आपली आहे. आजाऱ्यास सीमा नसावी, तर शुश्रूषा करणाऱ्यास कां असावी?

रोगास तर ती कधींच नव्हती. ज्यास आपण माकडताप म्हणतों, तो १९५७ सालीं कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्यांत, क्यासनूरच्या जंगलांत प्रथम ओळखला गेला. २०१५ सालीं तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यांत आढळला आणि २०१६ सालीं आमच्या दोडामार्गांत त्याची मोठी सांथ आली. तीन राज्यांच्या सीमा त्यानें ओलांडिल्या, पण कोणत्याही नाक्यावर त्यास कोणीं कागद मागितला नाहीं. या तापाचा जुना अनुभव ज्यांस होता ते डॉक्टर शेजारच्या राज्यांत होते. रोग सीमा ओलांडतो, रोगी सीमा ओलांडतो, आणि ज्यास दोघांची ओळख आहे तो वैद्य मात्र पत्रादेवीच्या नाक्याशीं उभा राहतो, ही स्थिति विचार करण्याजोगी आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग नोंदणीचे नियम मोडून टाकावे काय? तसें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. हे नियम कोणाच्या लहरीनें झालेले नाहींत. पूर्वीं ज्यास वाटे तो पेटी काखोटीस मारून डॉक्टर होत असे, आणि त्याचें मोल गरिबांनीं प्राणानें दिलें. म्हणून मुंबई इलाख्यांत १९१२ सालीं डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९१६ सालीं वैद्यकीय पदव्यांविषयीं सर्व देशासाठीं कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या भारतीय वैद्यक परिषदेच्या कायद्यांत, २७ व्या कलमान्वयें, देशाच्या नोंदवहींत ज्याचें नांव आहे त्यास देशांत कोठेंही व्यवसाय करण्याचा अधिकार दिला होता. तरीही प्रत्येक राज्याची परिषद निराळी, नोंदवही निराळी आणि शिस्तीचा अधिकारही तिचाच, अशी व्यवस्था चालत आली. २०१९ च्या कायद्यानें जुनी परिषद जाऊन राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याच्या २०२३ च्या नियमांप्रमाणें दुसऱ्या राज्यांत व्यवसाय करूं इच्छिणाऱ्या डॉक्टरानें त्या राज्याच्या परिषदेकडे अर्ज करावयाचा असतो. कायमचा दवाखाना थाटणाऱ्यास ही रीत योग्यच आहे. पण जो शनिवारीं येऊन रविवारीं परत जाणार, एक पैसा घेणार नाहीं, त्यासही तीच दीर्घ वाट चालावयास लावणें म्हणजे एका रात्रीच्या पाहुण्याकडून घराचें खरेदीखत मागण्यासारखें आहे.

यांतील एक विसंगति तर फारच बोलकी आहे. २०२० च्या मार्चमध्यें सरकारनें दूरध्वनीवरून व चित्रध्वनीवरून रोगी तपासण्याचे नियम प्रसिद्ध केले. त्यांप्रमाणें नोंदणीकृत डॉक्टर देशाच्या कोणत्याही भागांतील रोग्यास दुरून सल्ला देऊं शकतो. म्हणजे त्या डॉक्टरीणबाई म्हापशास आपल्या घरीं बसून आमच्या आजोबांशीं मोबाईलवर बोलल्या असत्या तर कायद्याची हरकत नव्हती. त्यांनीं डोळ्यांस डोळा देऊन, हातीं दिवा घेऊन, त्यांस जवळून पाहावें, येथें मात्र शंका उभी राहिली! जें दुरून चालतें तें जवळून कां चालूं नये?

आपल्या इतिहासाचीं पानें उलटलीं तर परक्या वैद्यांच्या उपकारांनीं तीं भरलेलीं दिसतील. १८९६ सालीं मुंबईस मांडवी भागांत लोक ताप व गांठी येऊन पटापट मरूं लागले, तेव्हां हा प्लेग आहे असें प्रथम ओळखून निर्भयपणें सांगणारे डॉ. अकासियो व्हिएगस हे बार्देशांतील हडफड्याचे, आपल्याच श्रद्धेचे गृहस्थ. गोवा त्या वेळीं पोर्तुगिजांच्या राज्यांत, आणि मुंबई इंग्रजांच्या. परंतु ते मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलेले असल्यामुळें त्यांच्या ज्ञानाची कसोटी तेथें झालेली होती. जन्मगांव कोणत्या राजाच्या अंमलाखालीं आहे, हें कोणीं विचारलें नाहीं. पुढें ते मुंबई नगरपालिकेचे अध्यक्षही झाले. मिरजेस कॅनडाहून आलेल्या डॉ. वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं इस्पितळ उभें केलें. आमच्या वेंगुर्ल्यास अमेरिकन मिशनचे डॉ. गोहीन रोग्यांची सेवा करीत. त्यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ सालीं वेंगुर्ल्यासच जन्मला, पुढें प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळांत अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतांत परत आला. आणि हें देणें एकाच बाजूनें झालें असें नव्हे. १९३८ सालीं पांच भारतीय डॉक्टर युद्धानें पोळलेल्या चीन देशास सेवेसाठीं गेले. त्यांतील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९४२ च्या डिसेंबरांत तेथेंच, रोग्यांच्या सेवेंत असतां, वारले. चीनमधील ज्या खेड्यांनीं त्यांस आपलें म्हटलें, त्यांनीं त्यांचा प्रांत विचारला नव्हता.

आतां एक उदाहरण आपल्या पवित्र ख्रिस्तसभेचें. तें सांगण्यास आम्हांस थोडें धैर्य करावें लागतें, कारण त्यांत दार आपल्याच घराचें होतें. विसाव्या शतकाच्या आरंभीं रावळपिंडीकडे पडदानशीन स्त्रिया बाळंतपणांत तडफडून मरत, कारण पुरुष डॉक्टर त्यांच्यापाशीं जाऊं शकत नसे. स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन या बाईंनीं तेथें इस्पितळ काढण्यास साह्य केलें. त्यांस डॉक्टर धर्मभगिनी हव्या होत्या; पण ज्यांनीं व्रतें घेतलीं त्यांनीं वैद्यकी करूं नये, विशेषतः बाळंतपणें करूं नयेत, असा धर्मसभेचा नियम होता. त्या नियमासही त्याचें कारण होतें: व्रतस्थ जीवनाचें रक्षण. ऑस्ट्रियाच्या ॲना डेंगल या तरुणीनें मॅक्लारेन बाईंच्या पत्रांनीं प्रेरित होऊन वैद्यकी शिकण्याचें ठरविलें, तेव्हां इंग्रजी अंमलाखालील हिंदुस्थानांत काम करावयाचें तर तशीच मान्य पदवी पाहिजे, म्हणून ती आपला देश सोडून आयर्लंडांत कॉर्क येथें जाऊन शिकली. १९१९ सालीं पदवी घेऊन ती १९२० सालीं रावळपिंडीस आली. तिनें राज्याचा नियम मोडला नाहीं. तो पाळण्यासाठीं परकी भाषा शिकली. १९२५ सालीं तिनें वैद्यकीय सेवेसाठीं भगिनींचा संघ स्थापन केला, आणि ख्रिस्तसभेचा नियमही तिनें मोडला नाहीं. तो बदलावा म्हणून नम्रपणें विनवीत राहिली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लोरी या पोपमहाशयांची विशेष परवानगी मिळवून धर्मभगिनी व डॉक्टर अशा दुहेरी नात्यानें आंध्रांतील गुंटूरास सेवा करीत होत्या. १९४३ सालीं त्यांनींच देशांतील कॅथोलिक इस्पितळांचा संघ उभा केला. अखेर १९३६ च्या फेब्रुवारींत रोमहून आज्ञा निघाली, आणि धर्मभगिनींस वैद्यकी व प्रसूतीचें काम करण्याची मोकळीक मिळाली. बंधुहो, ज्या ख्रिस्तसभेनें आपला जुना नियम दुःखितांसाठीं शिथिल केला, तिच्या लेकरांनीं सरकारपाशीं तशीच विनंती करण्यास कां संकोचावें?

अशी विनंती दुसरीकडे फळास आल्याचें उदाहरणही आहे. स्टॅन ब्रॉक नांवाचा एक इंग्रज तरुण दक्षिण अमेरिकेंतील गयानाच्या रानांत गुरें राखीत असे. एकदां घोड्यानें त्यास जबर जखमी केलें. आणि जवळचा डॉक्टर म्हणजे सव्वीस दिवसांची पायवाट, असें त्यास कळलें. पुढें १९८५ सालीं अमेरिकेंत त्यानें दुर्गम भागांसाठीं मोफत उपचाराची संस्था काढली. श्रीमंत अमेरिकेंतच दांत व डोळे दाखविण्यास पैसे नसलेल्या लोकांच्या रांगा पहांटेपासून लागूं लागल्या. तेथेंही प्रत्येक राज्याचा परवाना निराळा. १९९५ सालीं टेनेसी राज्यानें कायदा करून परराज्यांतील परवानाधारक डॉक्टरांस मोफत सेवेसाठीं येण्याची मुभा दिली. कॅलिफोर्नियांत ती नव्हती. २००९ सालीं लॉस एंजेलिसजवळ मोठें शिबिर भरलें तेव्हां हजारों लोक आले, आणि स्थानिक डॉक्टर पुरेसे न मिळाल्यामुळें कांहीं खुर्च्या रिकाम्या राहिल्या. दुसऱ्याच वर्षीं त्या राज्यानेंही आपला कायदा बदलला. आमचें रिकामें टेबल आणि त्यांच्या रिकाम्या खुर्च्या यांत अंतर सात समुद्रांचें, पण कथा एकच आहे.

फार दूर कशास? २०२० च्या मे महिन्यांत मुंबई करोनाच्या सांथीनें हैराण झाली, तेव्हां आपल्याच महाराष्ट्र सरकारनें केरळ राज्यास पत्र लिहून पन्नास डॉक्टर व शंभर परिचारिका मागितल्या, आणि केरळांतून डॉक्टरांचें पथक येऊन अंधेरीच्या इस्पितळांत कामास लागलें. त्या वेळीं ते मल्याळी आहेत, मराठी नाहींत, असें खाटेवरच्या कोणत्याही रोग्यानें म्हटल्याचें आमच्या ऐकण्यांत नाहीं. संकट मोठें असतां जें दार उघडतां येतें, तें संकट लहान पण नित्याचें असतां अगदींच लावून कां ठेवावें? आजोबांच्या डोळ्यापुरतें तें संकट लहान नव्हतें.

आतां आक्षेपांचा विचार प्रामाणिकपणें केला पाहिजे. पहिला आक्षेप असा कीं, दार उघडलें तर भोंदूही आंत येतील. हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर ओळख पटविणें हें आहे. २०२४ च्या ऑगस्टांत राष्ट्रीय आयोगानें सर्व देशासाठीं एक नोंदवही तयार करण्यास आरंभ केला. प्रत्येक डॉक्टरास देशभर चालणारा एकच क्रमांक असावा, असा तिचा हेतु आहे. ज्याचें नांव त्या नोंदवहींत सांपडेल आणि ज्याच्यावर शिस्तभंगाचा ठपका नसेल, त्यास दोन दिवसांची मुभा देण्यांत धोका कोठला?

दुसरा आक्षेप असा कीं, शिबिरांत घाईगर्दीनें अपाय होतो. हाही खरा. २०१४ च्या नोव्हेंबरांत छत्तीसगडांत बिलासपूर जिल्ह्यांतील शिबिरांत कांहीं तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया केल्या गेल्या आणि त्यांतील दहाहून अधिक दगावल्या. तें स्मरून अंगावर कांटा येतो. पण तेथील शस्त्रवैद्य परराज्यांतून आलेला नव्हता. तो तेथलाच होता. दोष गांवाचा नव्हता, घाईचा व हेळसांडीचा होता. म्हणून आमचें मत असें कीं, शिबिरांत शस्त्रक्रिया करूंच नयेत. तपासावें, ओळखावें, साधें औषध द्यावें, चष्मा द्यावा, आणि ज्यास कापाकाप लागेल त्यास चांगल्या इस्पितळांत पोहोंचवावें.

तिसरा आक्षेप सर्वांत भारी आहे. परका डॉक्टर येतो, औषध देतो आणि जातो. मागाहून त्रास झाला तर रोग्यानें कोणाकडे पाहावें? येथील डॉक्टर बारा महिने रात्रींबेरात्रीं उठतात. त्यांच्या श्रमांवर एका दिवसाच्या पाहुण्यानें पाणी ओतावें काय? या आक्षेपाचें उत्तर आम्हांस कायद्याच्या पुस्तकांत मिळालें नाहीं. तें वैद्यांचा आश्रयदाता संत लूक, जो स्वतः वैद्य होता, त्याच्या शुभवर्तमानांत मिळालें. चांगल्या शोमरोनी मनुष्याचा दाखला आपण बालपणापासून ऐकतों. शोमरोनी म्हणजे परक्या प्रांताचा, यहुद्यांनीं ज्यास जवळ करूं नये असा. त्यानें जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधिल्या. येथपर्यंत आपल्या लक्षांत राहतें. पण पुढचा भाग आपण घाईनें ओलांडतों. त्यानें त्या मनुष्यास आपल्या जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें, रात्रभर सांभाळलें, सकाळीं उतारशाळेच्या धन्यास दोन नाणीं दिलीं, याची काळजी घे असें सांगितलें आणि परत येतांना अधिक खर्च झाला असेल तो फेडीन असें वचन दिलें. पाहा, परका वैद्य जाणारच. पण जातांना तो स्थानिक माणसाच्या हातीं रोगी सोंपवून जातो आणि परत येण्याचें वचन देऊन जातो. या दाखल्यांत दोघांचेंही काम आहे. वाटेवरचा शोमरोनी एक, आणि गांवांतला उतारशाळेचा धनी दुसरा. दुसरा नसता तर पहिल्याची दया अर्धीच राहिली असती. ती उतारशाळा होणें हें आपलें, या धर्मग्रामाचें, काम आहे.

म्हणून आम्ही दोन गोष्टी सुचवितों. एक सरकारपाशीं मागावयाची, दुसरी स्वतःपाशीं.

सरकारपाशीं मागणें एवढेंच कीं, देशांतील कोणत्याही राज्याच्या नोंदवहींत नांव असलेल्या डॉक्टरानें नोंदलेल्या संस्थेच्या मोफत शिबिरांत थोडे दिवस सेवा करावयाची असेल, तर त्यानें आपल्या नोंदणीची सूचना आधीं द्यावी आणि तेवढी पुरेशी मानावी. वेगळें शुल्क घेऊं नये. हरकत असल्यास ठराविक मुदतींत कळवावी, आणि ती मुदत टळल्यास परवानगी मिळाली असें समजावें. तो डॉक्टर ज्या विषयांत शिकला आहे त्याच विषयांत काम करील, रोग्याकडून कांहीं घेणार नाहीं, आणि चूक झाल्यास येथील परिषदेपुढें उत्तर देईल, या अटी आम्हांस मान्य आहेत. किंबहुना त्या असाव्यात असाच आमचा आग्रह आहे. या आशयाचा अर्ज तयार केला असून तो सभेच्या शेवटीं आपल्या सह्यांसाठीं ठेवण्यांत येईल. त्यावर सर्व धर्मांच्या गांवकऱ्यांच्या सह्या असाव्यात अशी आमची विनंती आहे, कारण काचबिंदू धर्म विचारीत नाहीं.

आतां स्वतःपाशीं मागावयाचें. पुढील शिबिर महाशिवरात्रीच्या यात्रेनंतर, गर्दी ओसरल्यावर, येथेंच भरवावें असा मानस आहे. त्याचा परवानगीचा अर्ज आठ दिवस आधीं नव्हे, तर तीन महिने आधीं जाईल. गेल्या खेपेची आमची चूक पुन्हां होणार नाहीं. येथील डॉक्टरांस पाहुण्यांच्या आधीं आमंत्रण जाईल, आणि प्रत्येक परक्या डॉक्टराशेजारीं एक स्थानिक डॉक्टर बसेल, म्हणजे रोग्याची हकीकत गांवांत राहील. प्रत्येक रोग्याच्या नांवाची वही ठेवली जाईल. ज्यास पुढें जावयास सांगितलें, त्याच्या घरीं आमच्या तरुण मंडळींपैकीं कोणीतरी पंधरा दिवसांच्या आंत जाऊन विचारील: आजोबा, गेलां होतां काय? नसल्यास गाडी व सोबत आम्ही देऊं. चिठ्ठी देऊन हात झटकणें हें आमच्या मागील शिबिराचें खरें पाप होतें. टेबल रिकामें राहिलें तें कायद्यामुळें; पण आजोबा महिनोन् महिने घरीं राहिले ते आमच्यामुळें, हें आम्ही या महोत्सवाच्या दिवशीं, आपणां सर्वांसमक्ष, कबूल करितों.

शेवटचें एक सांगून पुरें करितों. शिबिरांत औषधाबरोबर धर्मोपदेश केला जाणार नाहीं, आणि कोणास त्याचा धर्म विचारला जाणार नाहीं. शोमरोन्यानें जखमी मनुष्यास त्याची जात विचारल्याचें शुभवर्तमानांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. आपली साक्ष हीच कीं, आपण थांबलों, वांकलों आणि उचललें.

त्या डॉक्टरीणबाईंस आम्हीं पुन्हां पत्र लिहिलें होतें. त्यांचें उत्तर आलें आहे. त्या येण्यास सिद्ध आहेत. यंत्रांची पेटीही घेऊन येणार आहेत. आजोबांचा दुसरा डोळा औषधावर अजून टिकून आहे, आणि त्यांनींही येण्याचें कबूल केलें आहे. या खेपेस तीं दहा पावलें ओलांडलीं जावींत, यासाठीं आपली सही, आपली वर्गणी आणि आपली प्रार्थना आम्ही मागतों.

रोग्यांचें आरोग्य जी पवित्र मरियामाता, ती आमच्यासाठीं विनंती करो. आणि ज्यानें परक्यांच्या गांवीं फिरून रोग्यांस बरें केलें, तो प्रभु येशू ख्रिस्त आमच्या हातांस यश देवो. आमेन.